मोदक कुठवर पोचतो

स्वतःचा फ्रिज उघडायला दुसऱ्याची परवानगी लागते, असे दिवस मी बदलापुरात काढले आहेत. माझी खोली लहान, म्हणून फ्रिज बाहेर जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये ठेवलेला. सकाळी चहाला दूध घ्यायला जावं, तर दारावर चिकटपट्टीने कागद डकवलेला असायचा: ‘दिल्ली. उतरेपर्यंत उघडू नये.’ आत माझं दूध, माझी कोथिंबीर आणि त्यांच्या मधोमध ओल्या नारळाच्या करंज्यांचा डबा. माझा फ्रिज म्हणजे विमानाचं पोट आणि करंज्या म्हणजे सामान. खालून घरमालकांचा आवाज यायचा, “मॅडम, अजून जयपूरच्या आसपास आहे हो! जरा धीर धरा!” मग मी कोरा चहा प्यायचे. त्या तीन वर्षांत मला कोऱ्या चहाची जी सवय लागली ती अजून सुटलेली नाही.

घर खरवईत होतं. आजूबाजूला टॉवर उगवत होते आणि त्यांच्या मधे घरमालक काकांचं हे एक मजली घर, खाली ते, वर मी. खोली बघायला गेले तेव्हा मी तयारीत होते. एकट्या बाईला जे विचारतात ते सगळं विचारतील, घरी कोण असतं, उशिरा येता का, कोण भेटायला येतं. पण काकांनी एकच विचारलं, “विमानाने जाता का?”

मी म्हटलं, “हो, कामासाठी. गोदामांत मोठे वजनकाटे बसवायचे असतात. बंगळूर, दिल्ली, कधी कोलकाता.”

“थेट जाता की मध्ये उतरून?”

“थेट.”

त्यांनी लगेच किल्ली हातात ठेवली. मला वाटलं, काय सुधारलेला माणूस आहे! घरी फोन करून सांगितलंसुद्धा, असा मालक मिळायला भाग्य लागतं म्हणून. या गृहस्थाला भाडेकरू नकोच होता, वाहतूक हवी होती, हे माझ्या पुढच्याच आठवड्यात लक्षात आलं.

काका अंबरनाथच्या एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते. रंगाच्या बाटल्या उन्हात ठेवायच्या, थंडीत ठेवायच्या, दमट कपाटात कोंडायच्या आणि त्या कधी बिघडतात याची वाट बघत बसायचं, हे त्यांनी उभा जन्म केलं. त्याचा त्यांना पगार मिळत होता, याचं मला आजही नवल वाटतं. ते निवृत्त झाले आणि पाठोपाठ काकू गेल्या. काकूंच्या हाताला चव होती. गल्लीतल्या बायका परगावच्या मुलांना पाठवायला त्यांच्याकडूनच काही ना काही करून न्यायच्या. काकू गेल्यावर एक बाई चुकून दारात आली, तिला ठाऊकच नव्हतं. मुलगा हैदराबादला, उद्या कोणीतरी निघालंय, अळूवड्या हव्या होत्या. काकांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, “उद्या सकाळी या.” रात्रभर खपून त्यांनी अळूवड्या केल्या. पहिल्या तीन वळकट्या फेकल्या, चौथी दिली. आणि तिथून हा माणूस जो सुटला तो सुटलाच.

मला एकदा म्हणाले होते, “कंपनीत प्रत्येक मालाचा मूळ नमुना जपून ठेवतात. नवीन बॅच आली की त्याच्याशी ताडून बघायची. आमच्या घरात मूळ नमुनाच राहिला नाही हो. आता जे करतो ते बरोबर की चूक, कोणाला विचारू?” बोलताना ते करंजीची कड कातत होते, मान वर केली नाही. मी म्हटलं, “चांगली होते काका, करंजी.” ते म्हणाले, “तुम्ही भुकेल्या असता. तुमचं मत धरता येत नाही.”

गिऱ्हाइकाला हव्या त्या वस्तूचं नाव सांगायची मुभा नव्हती. वस्तू काका ठरवायचे. आधी मुलाखत व्हायची, आणि ती मी जिन्यावर बसून ऐकायचे, कारण त्याइतकी करमणूक टीव्हीवर नव्हती.

“मुलगा कुठे?”

“पुण्याला.”

“पुणं आमच्या खात्यात येत नाही. पुण्याला तुम्ही स्वतः जा, भेट तरी होईल. पुढे कोण?”

पुढची अंबरनाथची कोणी मावशी. “माझा बंगळूरला असतो. मोदक द्या एकवीस.”

“कोण नेणार? विमान थेट आहे? उतरल्यावर त्याचं घर किती लांब? आणि डबा हातात पडल्यावर तो किती वेळात उघडतो?”

“अहो, उघडेल की सवडीने.”

“सवडीने म्हणजे? आळशी आहे का?”

“तसा थोडा…”

“मग चकल्या न्या.”

मावशी तणतणत चकल्या घेऊन गेल्या. काकांचं म्हणणं असं, की इंटरनेटवर दोन विमानतळांमधलं अंतर मिळतं, विमानाला लागणारा वेळ मिळतो, पण ते सगळं माणसांसाठी लिहिलेलं. माणूस काय, कितीही तास बसला तरी आंबत नाही. पदार्थाचा हिशेब वेगळा. म्हणून त्यांनी आपला नकाशा तयार केला होता. बंगळूर म्हणजे अळूवडी, दिल्ली म्हणजे करंजी, नागपूरला सांदण जातं पण फक्त थंडीत, कोलकात्यापर्यंत उकडीचा मोदक जातो, केळीच्या पानात गुंडाळला तर. हे इतकं पसरलं की शेजारच्या सोसायटीतल्या बायकासुद्धा तसंच बोलायला लागल्या. “तिचा मोठा आता करंजीवर गेला म्हणे, धाकटा अजून सांदणावरच आहे.” नवीन माणसाला वाटायचं, या बायकांना झालंय तरी काय.

आणि नुसतं ठरवून नाही, तर सिद्ध करून. थंडपणा माझ्या फ्रिजमध्ये तपासायचे, हादरे रिक्षात. आमच्या नाक्यावरच्या एका रिक्षावाल्याच्या सीटमागे काकांनी डबा बांधून ठेवला होता. तो बिचारा स्टेशन, खरवई, बदलापूर गाव अशा फेऱ्या मारायचा आणि ठरलेला वेळ झाला की दारात येऊन ओरडायचा, “काका, कोलकाता आलं!” काका बाहेर यायचे, डबा उघडायचे, मोदकाला बोटाने दाबायचे, वास घ्यायचे, उन्हात धरून भेगा बघायचे. मग त्यातला एक रिक्षावाल्याला, एक मला. “खाऊन सांगा,” म्हणायचे आणि आमच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. असं कोणी टक लावून बघत असताना मोदक गिळून बघा तुम्ही.

डबे, फॉइल, थर्माकोलच्या पेट्या हे सगळं उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून यायचं. तिथे एका सिंधी व्यापाऱ्याचं पॅकिंगच्या सामानाचं दुकान होतं. काका त्यांना साईं म्हणायचे, ते काकांना काका म्हणायचे, आणि दोघे एकमेकांना वेडे समजायचे. मी बरोबर असताना एकदा साईं म्हणाले, “काका, मेरे बेटे के लिए दुबई मोदक भेजो ना. बहोत याद करता है. तुम दिल्ली करंजी भेजता है, दुबई तो उससे भी नजदीक है.”

“कसं काय?”

“अरे, चार बजे निकलता है, पौने छे को उतरता है. पौने दो घंटा! दिल्ली को दो घंटे से ऊपर लगता है.”

काकांनी चष्मा काढला. “साईं, तिथलं घड्याळ दीड तास मागे असतं.”

“तो? टाइम तो टाइम है.”

“घड्याळ मागे घेता येतं. मोदकाला कोण मागे घेणार?”

साईंनी हात जोडले. म्हणाले, “मॅडम, इनको घर ले जाओ, मेरा धंदे का टाइम है.” पण जाताना एक पेटी त्यांनी वरून टाकली, आणि दुबईला मोदकाऐवजी बेसनाचे लाडू गेले.

माझे हाल विचारू नका. बंगळूरला पहिल्यांदा चाचणीसाठी मोदकांचा डबा दिला तेव्हा काकांनी सांगितलं होतं, विमान वर गेल्यावर एकदा आणि उतरायच्या आधी एकदा झाकण उघडून मोदक हलकेच दाबायचा. मी आपली खिडकीशी बसून मांडीवर डबा उघडून मोदक दाबतेय. शेजारचे टाय लावलेले गृहस्थ बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, “कुछ प्रॉब्लेम है?” मी म्हटलं, “नहीं, नरम है क्या देख रही हूँ.” ते म्हणाले, “है?” मी म्हटलं, “है.” मग दुसऱ्या वेळी त्यांनीच आठवण केली, उतरायला आलो म्हणून. खाली उतरल्यावर माझ्या साहेबांचे चार मिस्ड कॉल होते आणि काकांचे सात. आधी काकांना फोन केला. माणूस कोणाला घाबरतो ते अशा वेळी कळतं.

आता हा सगळा विमानांचा संसार मांडणारा माणूस स्वतः कधी विमानात बसला असेल की नाही? मी विचारलं तर म्हणाले, “माल तपासणाऱ्याने मालाबरोबर जायचं नसतं. निष्पक्षपणा राहत नाही.” मी मान हलवली. एवढं भारदस्त उत्तर आल्यावर पुढे काय विचारणार? खरं काय ते त्यांच्या मुलीने सांगितलं.

मुलगी एकुलती एक. जावई बँकेत, त्यांची बदली गुवाहाटीला. चार वर्षं झाली, काका एकदाही तिच्याकडे गेले नव्हते. गाडीने जायचं तर अडीच दिवस, आणि कमरेच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी लांबचं बसणं बंद केलेलं. विमानाने तीनच तास. तीन तासांत जाता येत होतं आणि माणूस चार वर्षं जात नव्हता. डब्यांवर माझा नंबर घातलेला असायचा, म्हणून तिचा फोन मला यायचा. ती म्हणाली, “ताई, बाबा घाबरतात हो. आई होती तेव्हा आम्ही एकदा तिकिटं काढली होती. विमानतळाच्या दारातून परत फिरले. पोटात कळ आली म्हणाले. आई एकटीच आली.”

“आणि आता?”

“आता मला आठवा लागेल. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय, प्रवास नाही. पहिलं बाळंतपण आहे, ताई. आई नाही. निदान बाबा तरी…” पोरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतात. हिला येता येत नव्हतं, तेव्हा माहेरानेच उठून तिच्याकडे जायला हवं होतं. आणि माहेर खाली बसून डिंकाचे लाडू वळत होतं.

कारण काकांनी प्रेम म्हणाल तर अतोनात केलं. लाडू गेले, पुरणपोळ्या गेल्या. ‘गुवाहाटीला कोणी जातंय का’ असं ते भेटेल त्याला विचारायचे. एकदा तर कोणाच्या तेराव्याला गेले आणि तिथेही विचारलं. गंमत म्हणजे तिथे एक जण सापडला, सैन्यातला. तो बिचारा सुतकी चेहऱ्याने अळूवड्या घेऊन गेला.

मग मुलीने उकडीचे मोदक मागितले. काका हरखले. साईंकडून दोन पेट्या आणल्या, रिक्षावाल्याला दिवसभर फिरवलं, माझा फ्रिज ताब्यात घेतला. मोदक गेले. रात्री फोटो आला. एकूण एक मोदक चिरलेला, आतलं सारण बाहेर डोकावतंय. मुलीने खाली लिहिलं होतं, ‘चव छान आहे बाबा.’ दोन दिवस काकांनी कोणाचीच मुलाखत घेतली नाही. तिसऱ्या दिवशी नळाखाली डबा घासताना म्हणाले, “कोलकात्याच्या पुढे मोदक जात नाही, मॅडम. मला माहीत होतं. तरी पाठवला.”

त्याच दुपारी मला मुलीचा फोन. “ताई, डोहाळे माझे केव्हाच संपले. मला मोदक नकोत, लाडू नकोत, बाबा हवेत. नुसतं या म्हटलं की त्यांची कारणं सुरू होतात. आता मी असं काहीतरी मागणार आहे की जे पाठवताच येणार नाही. तुम्ही फक्त मधे पडू नका.”

मी कशाला मधे पडतेय? मी जिन्यावर जाऊन बसले.

संध्याकाळी काकांचा फोन वाजला. “घावन?” काका म्हणाले. “तव्यावरचं? गरम? अगं पण… बरं. बरं बघतो.” त्यांनी फोन ठेवला. मग आत जाऊन तांदूळ भिजत घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरभर घावनाचा वास. कोकणातल्या लोकांना सांगायला नको. तांदळाचं पातळ पीठ, काकूंचा बिडाचा तवा, त्यावर वाटीने ओतायचं, झाकण ठेवायचं, जाळी पडली की थेट ताटात. थोड्या वेळाने काका हातात झाकलेली थाळी घेऊन जिना चढून वर आले. माझ्या दारात झाकण काढलं. वाफेचं पाणी होऊन घावन ओलंगिच्च झालं होतं, जाळी बसली होती.

“तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर आलो फक्त,” काका म्हणाले.

“मग?”

“रिजेक्ट.”

“फॉइल लावून बघा. पेटीत ठेवून बघा.”

“सगळं करून बघितलं. हा माल पाठवण्याजोगा नाही.” ते त्या घावनाकडे बघत होते. “उत्पादन जागेवरच करावं लागेल.”

“म्हणजे?”

“म्हणजे कोणीतरी जायला हवं.”

“कोणीतरी?”

“आता तुम्ही मला कोंडीत पकडू नका, मॅडम.”

मी पकडलं नाही. त्यांनी थाळी खाली ठेवायच्या आत मी मोबाइलवर दोन तिकिटं काढली, एक त्यांचं, एक माझं. रजा नंतर टाकली. साहेबांना काय सांगायचं ते नंतर बघू म्हटलं, घावनासाठी रजा हवी असं तर लिहिता येत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी काका साईंकडे तव्यासाठी पेटी घ्यायला गेले. चेहरा पांढराफटक. साईंनी विचारलं, “क्या हुआ काका?” काकांनी सांगितलं, स्वतःच चाललोय. साईं दुकानातून उठून बाहेर आले, काकांचे दोन्ही हात धरले. “अरे काका, तुम क्यों डरता है? तुम मोदक थोडे ही हो? तुमको क्या दरार पडेगी?” काका म्हणाले, “पेटी जरा मजबूत द्या.” साईंनी तवा स्वतः कागदात गुंडाळला, आतून थर्माकोल लावलं, आणि वरून आपल्या हाताने दोरी बांधली.

विमानतळावर मी एक शहाणपणा केला. आत गेल्यागेल्या आधी सामान दिलं. तव्याची पेटी पट्ट्यावरून सरकत रबरी पडद्याआड गेली, काका मान वाकडी करून बघत राहिले. मग आम्ही सुरक्षा तपासणीच्या रांगेत लागलो आणि तिथे त्यांचा हात पोटावर गेला.

“मॅडम, कळ येतेय.”

“कुठे?”

“इथे. नाही, इथे. मला वाटतं मी नको यायला. तुम्ही पुढे व्हा. पीठ कसं भिजवायचं ते मी फोनवर सांगतो.”

मागची रांग पुढे ढकलत होती. मला राग आला आणि दयाही आली. या पोटदुखीपायी त्या पोरीने चार वर्षं बापाची वाट बघितली होती. मी म्हटलं, “जा. पण तवा?”

“तवा काय?”

“तवा आत गेलाय.”

“परत मागू.”

“आता नाही देत. तो चढला विमानात. काकूंचा तवा एकटाच निघालाय गुवाहाटीला. तिथे पट्ट्यावर गोल गोल फिरत राहील. कोण उचलणार त्याला?”

काका माझ्याकडे असे बघायला लागले की मला माझीच लाज वाटली. मग त्यांनी कमरेचा पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवला, घड्याळ काढलं, चष्मासुद्धा काढून ठेवला, त्याची गरज नव्हती. आणि चाचपडत त्या चौकटीतून पलीकडे गेले.

विमान वर जाताना त्यांनी माझा हात धरला होता. माझी बोटं अजून दुखतात असं मी त्यांना चिडवते. डोळे गच्च मिटलेले. विमान सरळ झालं, तशी मी म्हटलं, “काका, चहा घेता?” त्यांनी एक डोळा उघडला आणि घड्याळ बघितलं. “किती वेळ झाला? वेग किती असेल?” मी वैमानिकाने सांगितलेला वेग सांगितला. ओठ हलायला लागले. हिशेब सुरू झाला म्हणजे आता माणूस वाचला, हे मी ओळखलं.

“नागपूर,” थोड्या वेळाने म्हणाले. “सांदणाची हद्द संपली.”

पुढे म्हणाले, “दिल्लीइतकं झालं. करंजीही राहिली.” खाली नुसते ढग होते. शेवटी त्यांनी माझ्या हातावरचा हात काढून घेतला आणि खिडकीकडे सरकले. “कोलकात्याइतकं अंतर झालं, मॅडम. इथवर मोदक धड येतो. याच्या पुढे माझ्या हातचा मोदक धड पोचलेला नाही.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “कसं राहते हो पोरगी एवढ्या लांब?”

मी चहाचा कप पुढे केला.

घरी पोचलो. जावयांनी दार उघडलं, आतल्या खोलीत ती उशांना टेकून बसलेली. बाबांना बघितलं आणि हुंदकाच फुटला तिला. काका दारात उभे, हातात तव्याची पेटी, ती खाली ठेवायचंही सुचेना. मग जवळ गेले, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, उजेडाकडे वळवलं, नीट निरखलं. “ओठ कोरडे पडलेत. पाणी पितेस ना?” एवढंच बोलले. ती रडता रडता हसायला लागली, “झाली तपासणी? पास का बाबा?” काका नुसतं तिच्या केसांवरून हात फिरवत बसले. जावई आणि मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तवा चढला. पहिलं घावन बिनसलं, दुसऱ्याला सुरेख जाळी पडली. काका जवळजवळ पळतच ते खोलीत घेऊन गेले. मुलीने तुकडा तोडला, नारळाच्या दुधात बुडवला, तोंडात टाकला. “मस्त झालंय बाबा.” पण मी समोरच बसले होते. तिने एक तुकडा चघळला, दुसरा चघळला, घोटभर पाणी प्यायली, मग माझ्याकडे केविलवाणं बघितलं. अर्धं घावन तिने कसंबसं संपवलं, उरलेलं मी माझ्या ताटात ओढलं.

माझं परतीचं विमान दुपारचं होतं. निरोप घ्यायला स्वयंपाकघरात गेले तेव्हा काका तवा पुसत होते. अगदी सहज म्हणाले, “तिला घावन आवडत नाही.”

“काय?”

“लहानपणापासून. शाळेत असताना ओट्याखालच्या मांजरीला घालायची. तिच्या आईला वाटायचं, मुलीने संपवलं. मला ठाऊक होतं.”

“मग तिने फोनवर मागितलं तेव्हा बोलला का नाहीत? एवढं पीठ वाटलंत, जिना चढून वर आलात…”

“तपासल्याशिवाय मी स्वतःचंही ऐकत नाही.” त्यांनी तवा उपडा ठेवला. “अहो, मोदक मागितला असता तर मी आणखी दहा वेळा पाठवला असता. तेवढंच जमतं मला. पण पोरीने घावन मागितलं, तेव्हा कळलं, आता तिच्याकडे मागायला काही उरलेलं नाही.”

आतून तिची हाक आली, “बाबा, उद्या काय करणार आहात?”

काका दचकले. “घावन!” म्हणून ओरडले, आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “दुसरं काही केलं तर म्हणायची, हे तर बदलापूरहूनही आलं असतं.”

आतून ती म्हणाली, “चालेल बाबा. दोन करा.”